कामात घुसणारी खिडकी : संगणकावर बसणाऱ्या व्यापाऱ्याने काय ओळखावे?

महिन्याची ११ तारीख जवळ आली की कापडाच्या पेढीवर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला पाणी प्यायची उसंत नसते. जीएसटीआर-१ भरायचे असते, ट्रान्सपोर्टवाला ई-वे बिलासाठी दारात उभा असतो, प्रोसेस हाऊसच्या चलानचे मीटर आपल्या वहीशी जुळत नसतात. नेमक्या अशा वेळी पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवते. कधी ती म्हणते, नवीन अपडेट आले आहे. कधी म्हणते, आमच्या बातम्या रोज पाठवू का? कधी लाल अक्षरांत ओरडते की तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे. लिहीत असलेला आकडा अर्धवट राहतो, मीटरच्या जागी भाव पडतो, आणि ती चौकट नेमके काय विचारत होती हे वाचण्याआधीच बोटाने 'ओके' दाबलेले असते.

या चौकटीला पॉप-अप म्हणतात, म्हणजे न बोलावता वर उसळणारी खिडकी. बहुतेक दुकानदार तिला माशीसारखी समजतात : हाताने हाकलावी आणि पुढच्या कामाला लागावे. आम्हीही तसेच समजत होतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका खिडकीने आमच्या पेढीचे ८४ हजार रुपये नेले. त्यानंतर आम्ही जाणकारांकडे बसून हा प्रकार मुळापासून समजून घेतला. जे समजले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर ठेवत आहोत.

लेखणी एक, वह्या अनेक

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी कितीही खिडक्या उघड्या असोत, किबोर्ड मात्र एका वेळी एकाच खिडकीचा असतो. मुनीमजींच्या हातात लेखणी एकच असते. समोर जी वही उघडी असेल तिच्यातच शाई पडते. पॉप-अप काय करतो? लेखणी चालू असतानाच तो तिच्याखाली दुसरी वही सरकवतो. लिहिणाऱ्याची नजर बिलावर असते, त्यामुळे वही बदललेली त्याला कळत नाही.

हिशेबाच्या कामात हा धोका दुप्पट होतो. टॅलीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की तेथे माऊसपेक्षा एंटरची कळ जास्त चालते. पार्टीचे नाव, एंटर; माल, एंटर; मीटर, एंटर; भाव, एंटर. आणि चौकटीत जे बटण आधीच निवडलेले असते, ते एंटर दाबताच दाबले जाते. ते बहुतेक वेळा 'हो', 'ओके' किंवा 'पुढे चला' हेच असते. म्हणजे आपण भावाचा आकडा पक्का करायला एंटर दाबला आणि तो कोणा अनोळखी करारनाम्यावर सही म्हणून उमटला. विंडोज बनवणाऱ्यांनाही ही अडचण माहीत आहे. म्हणून एक सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या डोक्यावर चढू नये असे काही निर्बंध त्यांनी घातले. त्यामुळे पुष्कळदा नवी खिडकी पुढे न येता खालच्या पट्टीत नुसती लुकलुकते. तरीही वाट काढणारे वाट काढतातच.

ही कल्पना निघाली कोठून?

सन १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट नावाची भाषा आली आणि इंटरनेटवरच्या पानाला स्वतःहून दुसरी खिडकी उघडण्याची ताकद मिळाली. ही ताकद कामाची होती. परंतु तिच्यातून जाहिरात जन्मली ती काही वर्षांनी, अमेरिकेतील ट्रायपॉड नावाच्या कंपनीत. ही कंपनी लोकांना इंटरनेटवर स्वतःची पाने बनवायला फुकट जागा देई आणि त्या पानांवर जाहिराती लावून पैसा कमवी. एकदा एका मोटार कंपनीच्या लक्षात आले की आपली जाहिरात एका अश्लील पानावर झळकते आहे. कंपनीने आक्षेप घेतला. तेव्हा ट्रायपॉडमधील एथन झुकरमन यांनी तोड काढली : जाहिरात पानावर लावायचीच नाही, तिच्यासाठी वेगळी छोटी खिडकी उघडायची, म्हणजे जाहिरात दिसेलही आणि त्या पानाशी कंपनीचे नावही जोडले जाणार नाही.

हेतू वाईट नव्हता. एका गिऱ्हाईकाची अब्रू राखण्यासाठी केलेली ती सोय होती. पण हीच युक्ती पुढे साऱ्या बाजाराने उचलली. सन २०१४ मध्ये झुकरमन यांनी 'द अटलांटिक' या अमेरिकन मासिकात लेख लिहून या शोधाबद्दल जाहीर माफी मागितली. व्यापाऱ्याने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला आपण सेवा देतो तो आपला गिऱ्हाईक आणि जो पैसा देतो तोही गिऱ्हाईक, पण ही दोन माणसे वेगळी झाली की सेवा घेणाऱ्याचा त्रास कोणी मोजत नाही. फुकट पानाची किंमत वाचणाऱ्याच्या नजरेतून वसूल होऊ लागते.

दार लावले, खिडकीतून आले

त्रास वाढला तशी तोडही निघाली. ऑपेरा ब्राउझरने सन २००० च्या सुमारास पॉप-अप अडवण्याची सोय दिली. सन २००४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही ती आणली, आणि त्याच वर्षी आलेल्या फायरफॉक्समध्ये ती पहिल्यापासून होती. नियम साधा होता : माणसाने स्वतः कळ दाबून खिडकी मागितली तर उघडावी, पान आपणहून उघडू पाहील तर अडवावे. आजही सर्व ब्राउझर साधारण हाच नियम पाळतात.

मग जाहिरातवाल्यांनी कपडे बदलले. काहींनी खिडकी समोर न उघडता मागे उघडायला सुरुवात केली. काम संपवून ब्राउझर बंद केला की ती पाठीमागून दिसे आणि कोणत्या पानाने आणली हे कळायला मार्ग नसे. काहींनी वेगळी खिडकी सोडून त्याच पानावर चादर अंथरल्यासारखी चौकट टाकली. ती खिडकीच नसल्यामुळे अडवणाऱ्याला दिसत नाही.

आणि सन २०१५ पासून तिसरा वेष आला. क्रोम ब्राउझरने संकेतस्थळांना थेट सूचना पाठवण्याची सोय दिली, पण अट अशी की माणसाने एकदा 'अलाऊ' म्हटले पाहिजे. एकदा ते बटण दाबले की ते पान बंद असले तरी पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या सूचना येत राहतात. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सन २०१९ मध्ये तपासले तेव्हा अशा विचारणांपैकी सुमारे ९९ टक्के विचारणा लोकांनी मान्य केल्या नव्हत्या. मग सन २०२० च्या सुरुवातीला फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनीही ही विचारणा दबक्या आवाजात करायची व्यवस्था केली. पण आधी कोणीतरी 'अलाऊ' दाबून ठेवले असेल तर ते आपोआप पुसले जाईल असे धरून चालू नये. आमच्या पेढीच्या संगणकावर अशा परवानग्या मोजल्या तेव्हा ३७ निघाल्या. त्यातली एकही कोणी दिल्याचे कोणाला आठवत नव्हते.

तीन जातींची खिडकी

सगळ्या खिडक्या शत्रू नाहीत. ताक्यात जसा एका नंबरचा, दोन नंबरचा आणि फाटका माल वेगळा काढतो, तशी यांचीही प्रतवारी करावी.

पहिली जात कामाची. आपण बिल पुसत असताना 'खरेच पुसायचे का?' असे विचारणारी, बँकेचा ओटीपी मागणारी, ई-वे बिलाची छापील प्रत दाखवणारी. ई-वे बिलाच्या संकेतस्थळासाठी तर पॉप-अप चालू ठेवावे लागतात. ही खिडकी आपण काही केल्यानंतर येते आणि त्याच कामाबद्दल बोलते. ही तिची ओळख.

दुसरी जात हट्टी. अपडेट करा, आमचे सभासद व्हा, पाच तारे द्या. ही लबाड नसते, पण नकार ऐकत नाही. 'नाही' असे बटणच नसते. 'हो' आणि 'नंतर आठवण करा' एवढेच असते. या जातीत मोठ्या कंपन्याही येतात. सन २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० च्या चौकटीत लाल फुली दाबली तरी ठरलेल्या वेळी नवे विंडोज बसत असे. फुली म्हणजे नकार, ही जुनी समजूत तेथे चालत नव्हती. लोकांनी ओरड केल्यावर कंपनीने ती चौकट बदलली. कॅलिफोर्नियातील प्रवास व्यवसाय करणाऱ्या एका बाईंचा कामाचा संगणक अशाच न मागता सुरू झालेल्या बदलामुळे नीट चालेनासा झाला. त्यांनी छोट्या दाव्यांच्या कोर्टात दावा केला आणि मायक्रोसॉफ्टकडून १० हजार डॉलर मिळवले. छोटा व्यापारीही आपला तोटा नीट मांडून दाखवू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

तिसरी जात ठगाची. तिची हकीकत आमच्याच पेढीची सांगतो.

आमच्या पेढीवर काय घडले

ईदच्या सीझनचे दिवस होते. आमचे मुनीमजी वयाने साठीचे, बावीस वर्षे आमच्याकडे. ई-वे बिलासाठी एका गावाचा पिनकोड हवा होता म्हणून त्यांनी इंटरनेटवर शोधले आणि कसल्याशा पानावर बोट ठेवले. तोच सारा पडदा निळा झाला, भोंगा वाजू लागला, फुली दिसेना, आणि वर लिहून आले की संगणक लॉक झाला आहे, बंद केल्यास सर्व माहिती जाईल, खालील नंबरवर ताबडतोब फोन करा. संगणकात तीन वर्षांचा हिशेब. मुनीमजींनी फोन केला.

पलीकडून गोड हिंदीत एकजण बोलला, स्वतःला मोठ्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला. त्याने दूर बसून संगणक चालवता येईल असे सॉफ्टवेअर मुनीमजींच्या हातून बसवून घेतले. मग विंडोजमधील एक यादी उघडून दाखवली, जिच्यात लाल खुणांच्या ओळी होत्या, आणि म्हणाला, "पाहा चाचा, इतके व्हायरस आहेत." नंतर आम्हाला कळले की ती संगणकाची साधी नोंदवही आहे. किरकोळ अडखळणे तिच्यात लाल खुणेने नोंदले जाते आणि धडधाकट संगणकातही अशा ओळी असतात. दुरुस्तीची फी म्हणून त्याने ४,९९९ रुपये मागितले आणि बँकेचे खाते उघडायला लावले. ओटीपी आमच्या मोबाईलवर आला. आम्ही त्या वेळी बाजारात सौद्यात होतो. मुनीमजींचा फोन आला, "शेठ, नंबर सांगा." सुताचे पेमेंट असेल असे समजून आम्ही सांगून टाकला. संदेशात रक्कम लिहिलेली होती. ती आम्ही वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यातून ८४ हजार गेल्याचे दिसले. मुनीमजींनी पेढीच्या किल्ल्या गादीवर ठेवल्या आणि म्हणाले, "शेठ, पगारातून कापत चला, नाहीतर मला रजा द्या." आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की खिडकी तुम्हाला दिसली, पण ओटीपी आमच्या तोंडातून गेला, तोटा पेढीचा आहे. ते आजही आमच्याकडे आहेत. पैसा मात्र परत आला नाही. कारण घरच्यांत चर्चा करण्यात अर्धा दिवस गेला आणि तक्रार दुपारनंतर नोंदवली. तोवर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊन निघूनही गेली होती.

हा धंदा किती मोठा आहे हे पाहायचे असेल तर एक गोष्ट सांगतो. सन २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' या नावाने देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातील काही प्रकरणे अशाच, मोठ्या कंपन्यांचे नाव सांगून तांत्रिक मदतीच्या बहाण्याने लुटणाऱ्या कॉल सेंटरांची होती. तेथे लुटले गेले ते बहुतेक परदेशी लोक, इंग्रजी उत्तम जाणणारे. म्हणजे हा प्रश्न केवळ अडाण्यांचा नाही.

तरीही आमची एक वेगळी अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मुनीमजींचेही. मराठी आम्ही शाळेत कमी आणि बाजारात जास्त शिकलो. इंग्रजी चौकट समोर आली की ती वाचता येत नाही असे म्हणायची लाज वाटते, म्हणून माणूस समजल्यासारखे करून बटण दाबतो. ठग आपल्या अज्ञानापेक्षा या लाजेवर जास्त कमावतो.

अडथळ्याचा हिशेब

ठगाची खिडकी वर्षात एकदा येईल. हट्टी खिडकी दिवसात वीसदा येते. तिचा तोटा खात्यात दिसत नाही म्हणून तो नाही असे नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांनी कामात येणाऱ्या अडथळ्यांवर अनेक वर्षे अभ्यास केला आहे. त्यांच्या सन २००८ च्या एका प्रयोगात असे दिसले की अडथळा आलेली माणसे काम हळू नव्हे तर उलट घाईने उरकतात, मात्र त्यांच्या मनावरचा ताण, चिडचिड आणि वेळ पुरणार नाही ही धास्ती वाढते. यंत्रमागावर बसलेल्यास हे सांगायला नको. धागा तुटला की माग थांबतो. धागा जोडायला क्षण लागतो, पण कापडात खूण राहते. संध्याकाळी मुनीम उगाच चिडतो, गिऱ्हाईकाशी तुटक बोलतो, तेव्हा दिवसभरात किती धागे तुटले हे पाहावे.

काय करावे?

१. संगणकाची कोणतीही इशारा देणारी चौकट फोन नंबर देत असेल तर ती खोटी समजावी. मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितले आहे की त्यांच्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. ही एकच खूण कारागिरापासून शेठपर्यंत सर्वांनी पाठ करावी.

२. सारा पडदा अडकला तर घाबरू नये. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरावी, म्हणजे पूर्ण पडद्याचे सोंग उतरते. मग ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा. तेवढ्याने न जमल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर तेथून बंद करावा. पुन्हा सुरू केल्यावर 'आधीची पाने उघडू का?' असे विचारल्यास नाही म्हणावे. चौकटीच्या आतली कोणतीही फुली दाबू नये. ती चित्रातली फुली असू शकते.

३. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तेथे 'साइट सेटिंग्ज', तेथे 'नोटिफिकेशन्स' असे जावे. परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. ओळखीची नसतील ती सर्व काढावीत. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि रोजचा निम्मा त्रास यानेच जातो.

४. त्याच ठिकाणी 'पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स' बंद ठेवावे, आणि ई-वे बिल, बँक अशा मोजक्या संकेतस्थळांना तेवढी परवानगी द्यावी. छपाईची खिडकी उघडत नाही म्हणून सर्वांनाच दार मोकळे करणे म्हणजे एका पाहुण्यासाठी गोदामाचे शटर रात्रभर उघडे टाकणे होय.

५. रिटर्न भरताना विंडोजची सूचना बंद ठेवण्याची सोय वापरावी. विंडोज ११ मध्ये ती 'डू नॉट डिस्टर्ब' या नावाने आणि विंडोज १० मध्ये 'फोकस असिस्ट' या नावाने मिळते.

६. सर्वच अपडेट टाळू नयेत. सुरक्षेचे अपडेट म्हणजे गोदामाच्या कुलपाची दुरुस्ती आहे. फक्त ते चौकटीतून न करता सेटिंग्जमध्ये स्वतः जाऊन, दुकान बंद करताना करावे. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला आहे. ज्यांचे संगणक अजून त्यावर आहेत त्यांनी आपल्या माणसाला विचारून पुढची सोय लावावी.

७. चौकट समजली नाही तर बटण दाबण्याआधी मोबाईलने तिचा फोटो काढून मुलाला, पुतण्याला किंवा कर सल्लागाराला पाठवावा. आमच्या पेढीवर आता हाच नियम आहे आणि विचारणाऱ्यावर कोणी हसत नाही.

८. ओटीपी देण्याआधी संदेशातील रक्कम मोठ्याने वाचावी. कितीही घाई असली तरी.

९. पैसा गेलाच तर बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच घटकेला कळवावे, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन येथे तक्रार नोंदवावी. संगणकाचे इंटरनेट तोडावे आणि दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदलावेत. येथे तासाला किंमत आहे. आम्ही ती अर्धा दिवस उशिराने मोजली.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' म्हणजे फसव्या मांडणीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत. नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा पिच्छा पुरवणे हा त्यांतला एक प्रकार आहे, आणि संगणकात व्हायरस असल्याचे खोटे सांगून पैसे काढणे हाही एक आहे. लबाडीने सभासद करून मग बाहेर पडू न देणे, जाहिरात असूनही ती जाहिरात न वाटेल अशी सजवणे, हेही त्यात येते. भारतात माल किंवा सेवा देणाऱ्या सर्व ऑनलाइन मंचांना, जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांना ही तत्त्वे लागू आहेत.

'विक्रेत्यांना' हा शब्द आपल्यासाठी आहे. आता आपल्यापैकी कित्येकांची मुले दुपट्टे, लुंग्या, साड्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतात. संकेतस्थळ बनवून देणारा सांगतो की गिऱ्हाईक आल्याबरोबर चौकट टाकू, मोबाईल नंबर घेऊ, 'फक्त ५ मिनिटे शिल्लक' असे घड्याळ लावू. आमच्या मुलालाही एकाने हेच सांगितले होते. आम्ही त्याला विचारले, दुकानात आलेल्या बाईने ताक्याला हात लावण्याआधीच तू तिची वाट अडवून तिचा फोन नंबर मागशील काय? तो म्हणाला, "नाही अब्बा, ती दुसऱ्या दुकानात जाईल." मग ती चौकट आम्ही लावू दिली नाही. गिऱ्हाईकाला माल निवांत पाहू द्यावा. ज्या खिडकीने आपली बोटे चुकवली, तीच आपण दुसऱ्याच्या कामात उघडू नये.